आंचावर सहावा

धक्क्यावरची ती पाटी मी रंगवली आहे. अक्षर माझं, आकडे माझे, आणि त्या पाटीपायी पुढे जो घोळ झाला त्यातला निम्मा दोषही माझाच. उरलेला निम्मा माझी शेजारीण दिओसेलिना हिचा. तिला हे मान्य नाही, पण ती स्वतःची चूक मान्य करेल त्या दिवशी समुद्र गोड होईल.

काराकोल बेटावर मी एकतीस वर्षं शाळा चालवते. भागाकार शिकवताना मुलांना फळं वाटायला लावणं मला कधीच पटलं नाही, कारण आमच्याकडे फळं कमी आणि माणसं भरपूर. म्हणून मी म्हटलं, देशातली माणसं घ्या, त्यांना देशाच्या जमिनीनं भागा, एका चौरस किलोमीटरला किती येतात बघू. सिंगापूरची आली आठ हजार. मोनाकोची एकोणीस हजार, मकाऊची एकवीस हजार. आमच्या अख्ख्या कोलंबियाची पन्नासही नाहीत. ग्रीनलंडचा भागाकार मुलांना जमेना. तिथे उलट एका माणसाच्या वाट्याला चाळीसेक चौरस किलोमीटर बर्फ येतो. मग आम्ही आमचं बेट भागलं. बेट एक हेक्टरचं, म्हणजे चौरस किलोमीटरचा शंभरावा भाग, तेव्हा माणसं मोजायची आणि पुढे दोन शून्यं लावायची. मकाऊ कुठच्या कुठे खाली गेलं. मुलं बाकांवर चढून नाचली.

ती यादी मी पाटीवर उतरवली, आम्ही सर्वांत वर. सर्वांत खाली, हौसेनं, समोरच्या आंचा बेटाची ओळ घातली: जमीन तीन चौरस किलोमीटर, माणसं पाच.

आंचा आमच्या धक्क्यावरून दिसतं, लांबच लांब, नारळांनी भरलेलं. मालक राजधानीत असतो. त्याला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. तिथे राहतात पाच राखणदार, आणि त्यांचा म्होरक्या उबाल्दो आमच्या पोरांना नारळांखालून हुसकावतो. आमचे लोक मात्र तिथे राहायला एकदाच जातात: मेल्यावर. काराकोलवर पुरायला जागा नाही, म्हणून आजोबांच्या काळापासून आमची माणसं आंचाच्या एका कोपऱ्यात पुरतो. प्रेताची होडी निघाली की सारं बेट उभं राहतं. डोमिनो खेळणारे हातातल्या सोंगट्यांसकट उभे राहतात, बाळंतीणसुद्धा दारात येऊन उभी राहते, आणि होडी आंचाचं टोक वळून दिसेनाशी होईपर्यंत कुणी बसत नाही. जिवंतपणी ज्याला पाय पसरायला जागा मिळाली नाही त्याला तिथे ऐसपैस मिळते.

तर पाटी लागली आणि पर्यटक यायला लागले. "इथे तुमचा जीव गुदमरत नाही?" असं विचारायचे, आणि मग गल्लीत उभे राहून आमचीच वाट अडवायचे. आमच्याकडे एका घरात कांदा चिरला की तिसऱ्या घरातल्या म्हातारीच्या डोळ्यांना पाणी येतं, हे खरं आहे. पण पाणी आलं की ती ओरडून विचारते, "भातात नारळ घालणार आहेस की नुसताच?" आणि तिचं ताट वाढलं जातं. भागाकारात हे कुठे येतं?

गेल्या वर्षी सरकारची मोजणी आली. मोजणीवाल्याला होडी लागली होती. तो हिरवानिळा पडून धक्क्यावरच्या सावलीत बसला आणि म्हणाला, मला चालवत नाही, प्रत्येक घरातून एकानं इथे येऊन सांगा, तुमच्या घरची माणसं कोण आणि किती.

आता हे आमच्या लोकांना विचारायचं म्हणजे! काराकोल हे बेट देवानं थोडं आणि आम्ही जास्त बनवलंय. शंखशिंपले, मेलेलं पोवळं, नारळाची सोडणं समुद्रात टाकून टाकून आम्ही ते वाढवलं. आणि आमच्यात मूल जन्मलं की त्याची नाळ मोठ्या शंखात घालून तो शंख भरावात बसवतात. हल्ली बायका बाळंतपणाला मुख्यभूमीवर जातात, तरी नाळ मीठ लावून डब्यातून घरी आणतात. ज्याचा शंख इथे, तो इथला. मग तो कार्ताहेनात टॅक्सी चालवो, नाहीतर बारांकियात लग्न करून तीन पोरांचा बाप होवो. त्यामुळे "तुमच्या घरची माणसं" म्हटल्यावर प्रत्येकानं शंख मोजले. दिओसेलिनाच्या घरात राहतात चौघं. तिनं सांगितली एकोणीस.

आणि मी रांगेच्या शेपटाशी उभी राहून काय केलं? थांबवलं? छे. मला पाटीवरचा आकडा दिसत होता. मी रांगेकडे बघून म्हटलं, "नीट आठवा गं, कुणाला विसरू नका."

आकडा आला अकराशे त्रेचाळीस. पुढे दोन शून्यं. मी नवा रंग मागवून पाटी परत रंगवली, आणि त्या दिवशी आम्ही कच्च्या केळ्यांचे पटाकोन तळले.

चार महिन्यांनी पत्र आलं. एका हेक्टरवर सहाशेंपेक्षा जास्त माणसं राहणं धोक्याचं आहे, सबब काराकोलची अर्धी वस्ती मुख्यभूमीवरच्या नव्या चाळींत हलवण्यात येईल. कोणती घरं, ते चिठ्ठ्या टाकून ठरेल. हरकत असल्यास फेरमोजणीसाठी अर्ज करावा. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. आम्ही हात नुसता दाखवला नव्हता, रंगवून धक्क्यावर टांगला होता.

"तुझ्या पाटीनं घात केला," दिओसेलिना म्हणाली.

"आणि तुझ्या एकोणिसांनी?"

"ते माझे आहेत! खोटे सांगितले का मी?"

"खोटे नाहीत गं बये, पण ते रात्री तुझ्या घरात झोपतात का? झोपले तर तू कुठे झोपशील, छपरावर?"

अर्ज मीच केला. मंजूर झाला, आणि सोबत पहिल्या मोजणीची नावनिशीवार यादी आली. ती घेऊन मी शाळेत बसले, दुबार नावं शोधायला. पुष्कळ सापडली, आजीनं एकदा सांगितलेला नातू आईनंही सांगितला होता. असं करत करत मी तिसऱ्या पानावर आले आणि एल्किन मारिमोन हे नाव वाचलं. ते माझ्या घरात असणार हे मला माहीत होतं, मीच सांगितलं होतं. पण हे माझं घर नव्हतं. हे दिओसेलिनाचं होतं. पुढे पाचव्या पानावर पुन्हा एल्किन मारिमोन, होडीवाल्या तेओफिलोच्या घरात, ज्याच्याबरोबर तो मासेमारीला जायचा. आणि शेवटच्या पानावर, घरातल्या सगळ्यांच्या खाली, नेरीस नावाच्या पोरीच्या घरात. तिनं नात्याच्या रकान्यात काहीच लिहवलं नव्हतं.

चार घरांनी माझ्या लेकाला आपला म्हणून मोजलं होतं, आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. मी शाळेचं दार लावून घेतलं आणि रडले.

एल्किन माझा एकुलता एक. चार वर्षांपूर्वी त्याला नेरीसशी लग्न करायचं होतं आणि त्यासाठी एक खोली हवी होती. तीन मीटर बाय तीन मीटर. आमच्या घराला लागून शाळेपुढचा चौक आहे, बेटावरची एकमेव मोकळी जागा. पोरं तिथे खेळतात आणि सांजसकाळ तिथेच सगळ्यांच्या गप्पा होतात. त्याच्या कोपऱ्यात खोली बांधू का, असं त्यानं पंचायतीला विचारलं. बाकीचे हो म्हणाले. मी नाही म्हटलं. आज बाईंच्या मुलाला कोपरा दिला तर उद्या चौक संपेल, मुलांनी खेळायचं कुठे, असं मी भर सभेत म्हणाले, आणि सभेनं माझंच ऐकलं. मी बरोबरच होते. अजूनही बरोबर आहे, आणि त्याचा मला काडीचा उपयोग नाही.

"नऊ चौरस मीटर, आई," तो एवढंच म्हणाला. पंधरा दिवसांनी तो मालाच्या होडीवर पनामाकडे कामाला गेला. वाटेतल्या तुर्बो बंदरातून एकदा फोन आला. त्यानंतर काही नाही. ना होडीचा पत्ता, ना त्याचा. मी रोज संध्याकाळी त्याची हॅमक, झोपायची झोळी, बांधते आणि सकाळी सोडते. लोकांना वाटतं मी वेडी आहे, पण ते वाटणं लोक स्वतःपाशी ठेवतात. एवढ्या दाटीत राहायचं तर तेवढं यावंच लागतं.

फेरमोजणीला यूलिएथ नावाची तरुण मुलगी आली. हिला होडी लागत नव्हती. ती घराघरांत शिरून खाटा मोजायची आणि मग अर्ज पुढे करायची. वगळायच्या प्रत्येक नावापुढे दोन चौकोन होते. एक, मयत. दुसरा, अन्यत्र वास्तव्य, त्याच्यापुढे पत्ता.

"दोन्हींपैकी एक भरायलाच हवा," ती म्हणाली. "नुसतं नाव खोडता येत नाही. गेल्या वेळी इतकी नावं आलीत की आता वरचे लोक माझा एकूण एक कागद तपासणार. उद्या समोरच्या बेटावर जाते, मग मुख्यभूमीवरचे पत्ते आमची माणसं बघतील. एक जरी खोटं निघालं तर पूर्वीचाच आकडा कायम होईल. आधीच सांगते."

मी तिच्याबरोबर घरोघर फिरले. बाई म्हणून माझा दरारा आहे, तो त्या दिवशी सगळा वापरला. कुणी कुरकुर केली की मी म्हणायचे, "पत्ता सांग आणि मोकळी हो, पोरगं काही मरत नाही त्यानं." हे मी बारा घरांत तरी म्हणाले असेन. बायका पोरांचे पत्ते सांगताना रडत होत्या, जणू त्यांना घराबाहेर काढत होत्या. दिओसेलिनानं चौदा पत्ते धडाधड सांगितले आणि एल्किनच्या नावाशी आल्यावर तोंड मिटलं.

"हा कोण तुमचा?" यूलिएथनं विचारलं.

"धर्माचा लेक. बाप्तिस्म्याला मी धरला होता."

"आता कुठे असतो?"

दिओसेलिनानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हा माझ्या घरात येईल. तिथे बघू. इथला दुबार म्हणून काढा." तेओफिलोकडे तसंच केलं. नेरीसकडेही. नेरीसचं आता लग्न झालंय, कडेवर पोर आहे, ती खाली बघत म्हणाली, "माफ करा बाई." मी तिच्या गालाला हात लावला. याहून जास्त काही मला जमलं नाही.

शेवटचं घर माझं.

यूलिएथनं एक खाट मोजली. मग तिला भिंतीला गुंडाळून ठेवलेली हॅमक दिसली. "ही?"

"माझ्या मुलाची."

"म्हणजे दोन माणसं."

"नाही," मी म्हटलं. "तो इथे राहत नाही." हे वाक्य मी चार वर्षांत पहिल्यांदा बोलले. तोंडातून दात पडावा तसं झालं.

"मग पत्ता?"

"पत्ता नाही."

पोरगी वाईट नव्हती. "बाई," ती हळू म्हणाली, "पत्ता नसेल तर दुसरा चौकोन..."

"तो भरायचा नाही!" मी ओरडले. तीन भिंतींपलीकडची डोमिनोची खडखड थांबली. आमच्याकडे ओरडणं कुणा एकाचं नसतं.

"मग त्याला इथेच राहू दे," ती म्हणाली. "दोन लिहिते. एका माणसानं काय फरक पडतोय? पाचशेच्या आतच आहात तुम्ही."

खरंच, काय फरक पडत होता! पण मी दिवसभर घराघरांतून पोरं बाहेर काढली होती. चौकाचा कोपरा नाकारताना जे तोंड होतं तेच तोंड अजून माझ्याकडे आहे, दुसरं नाही. आणि वरचे लोक तपासायला आले, हॅमक दिसली आणि माणूस दिसला नाही, तर? मी दारातून बाहेर बघितलं. चौक, धक्का, पाणी आणि पाण्यापलीकडे आंचा, नारळांनी भरलेलं, रिकामं.

"आंचा," मी म्हटलं. "लिहा. आंचा बेटावर राहतो."

यूलिएथनं लिहिलं. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं. ही मुलगी उद्या आंचावर जाणार होती.

भिंतीपलीकडून सगळं ऐकून दिओसेलिना दारात माझी वाटच बघत होती. "अक्कल गहाण टाकलीस का? उबाल्दो सांगेल, असा कुणी इथे नाही, आणि पाचशे माणसांच्या डोक्यावरचं छप्पर जाईल. जा, आत्ता होडी काढ, त्याला हातापाया पडून सांग."

"मी त्याच्या पाया पडू? गेल्याच महिन्यात मी त्याला मालकाचा कुत्रा म्हणाले."

"मग आता त्याचं शेपूट धर!"

मी गेले नाही. मानासाठी नाही, खरंच नाही. होडीत बसून जायचं आणि त्याला काय सांगायचं? की माझा मुलगा इथे राहतो असं म्हण, म्हणजे मला तो मेला असं लिहावं लागणार नाही? हे शब्द मला उच्चारता आले असते तर मी चौकोनच भरला नसता का? मी घरात बसून राहिले, पाचशे माणसांना एका खोट्यावर टांगून.

दुसऱ्या दिवशी यूलिएथ सकाळी आंचावर गेली. तिची होडी दुपारी परत आली तेव्हा धक्क्यावर सगळे जमले होते, आणि माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. दिओसेलिनानं बेटभर सांगितलं होतं हे उघड होतं. यूलिएथ होडीतूनच म्हणाली, "काराकोल, चारशे अठ्ठ्याऐंशी. वस्ती हलवायचा प्रश्नच येत नाही." धक्क्यावर इतका गोंधळ झाला की पुढचं मला एकटीलाच ऐकू आलं. ती कागद बघत म्हणाली, "आणि आंचा, सहा."

उबाल्दो चार दिवसांनी आला, इंधन घ्यायला. पाटीजवळ उभा राहिला, सावकाश सगळी वाचली. मी ती अजून बदलली नव्हती.

"बाई, शेवटची ओळ चुकलीय तुमची," तो म्हणाला.

"काय सांगितलंस तू तिला?"

"तिनं विचारलं, एल्किन मारिमोन इथे राहतो का. म्हटलं, राहतो की. म्हणाली, कुठाय? म्हटलं, फिरतोय कुठेतरी, बेट मोठं आहे." त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "दहा वर्षांचा असल्यापासून माझे नारळ चोरतोय तो. मी ओळखत नाही का त्याला? माझ्याइतका त्याच्यामागे कुणी पळालं नसेल."

कुत्रा म्हटल्याची माफी मागायची होती, ती राहूनच गेली.

"एक अडचण आहे," तो म्हणाला. "वरचे तपासायला आले तर? पाच माणसं, पाच हॅमका. त्याची पाठवा. दोन नारळांमध्ये बांधून ठेवतो. जागा काय, हवी तेवढी आहे."

मी घरी गेले आणि हॅमक खांद्यावर घेऊन आले. आधी रंगाचा डबा उघडून पाटीच्या शेवटच्या ओळीतला पाच खोडला आणि सहा केला. सहा भागिले तीन, दोन. एका चौरस किलोमीटरला दोन माणसं. ज्याला मी नऊ चौरस मीटर दिले नाहीत, त्याच्या वाट्याला अर्धा चौरस किलोमीटर. मुलांना हे उदाहरण घालायला हरकत नाही.

हॅमक उबाल्दोनं होडीच्या मधोमध ठेवली, भिजू नये म्हणून वर ताडपत्री टाकली. मोटर सुरू झाली. मी वळले, तर चौकात डोमिनोवाले उभे. हातात सोंगट्या. त्यांच्यामागे तेओफिलो उभा होता, गल्लीच्या तोंडाशी नेरीस पोराला घेऊन, दारात दिओसेलिना. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"बसा!" मी ओरडले. "काय झालंय? कोण मेलंय इथे? खाली बसा सगळे!"

बाईचा दरारा. एकेक करून बसले. दिओसेलिना सर्वांत शेवटी, उंबऱ्यावर, पदराऐवजी झग्याचं टोक तोंडाला लावून. होडी लहान होत होत आंचाच्या टोकाशी गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. मग मी चौकाकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते, बसून, आणि अख्ख्या बेटावर उभी होते ती मी एकटी.